मातीतील तणनाशकांचे अवशेष : नमुन्यापासून अहवालापर्यंत

फवारणीनंतर मातीत उरलेला तणनाशकाचा मूळ सक्रिय घटक आणि त्याच्या विघटनातून तयार झालेली संयुगे यांना मिळून तणनाशकाचे अवशेष म्हणतात. ते मोजण्याची गरज साधारणपणे तीन कारणांनी पडते. उसात किंवा सोयाबीनमध्ये वापरलेले तणनाशक पुढच्या पिकाला बाधेल का, हे पेरणीपूर्वी जाणून घ्यायचे असते. उभ्या पिकावर दिसणारी इजा तणनाशकाची आहे, रोगाची आहे की अन्नद्रव्यांच्या कमतरतेची, हे ठरवायचे असते. किंवा एखादे तणनाशक ठरावीक जमिनीत किती दिवस टिकते याचा अभ्यास करायचा असतो. या तिन्ही प्रश्नांना एकच चाचणी पुरत नाही. त्यामुळे प्रश्न आधी पक्का करावा आणि पद्धत त्यानंतर निवडावी. हा क्रम उलटला तर पैसे जातात आणि हाती येणारा आकडा दिशाभूल करतो.

किती सूक्ष्म अंश शोधायचा?

पद्धत निवडण्याआधी एक साधा हिशोब करावा. एक हेक्टर क्षेत्रातील वरच्या १५ सेंटिमीटर थराचे आकारमान १,५०० घनमीटर होते. मातीची घनता प्रति घनमीटर दीड टन धरली, तर या थरातील कोरड्या मातीचे वजन साडेबावीस लाख किलो भरते. हेक्टरी १ किलो अॅट्राझिन फवारले आणि ते या थरात सारखे मिसळले, असे मानले तर पहिल्याच दिवशी त्याचे प्रमाण प्रति किलो मातीत ०.४४ मिलिग्रॅम, म्हणजे ०.४४ पीपीएम येते. सोयाबीनमध्ये हेक्टरी १०० ग्रॅम वापरल्या जाणाऱ्या इमॅझेथापायरचे प्रमाण याच हिशोबाने ४४ पीपीबी (पीपीबी म्हणजे पीपीएमचा हजारावा भाग) होते. गव्हातील रुंद पानांच्या तणांसाठी मेटसल्फ्युरॉन-मिथाइल हेक्टरी अवघे ४ ग्रॅम लागते. त्याचे मातीतील प्रमाण फवारणीच्या दिवशीच १.८ पीपीबी असते. त्यातले निम्मे विघटन पावले की शोधायचा अंश १ पीपीबीच्या खाली जातो.

यावरून दोन गोष्टी उघड होतात. अॅट्राझिन किंवा पेंडिमेथॅलिन यांसाठी साध्या गॅस क्रोमॅटोग्राफीची क्षमता पुरते. मेटसल्फ्युरॉन किंवा क्लोरिम्युरॉन यांच्यासाठी ती पुरत नाही. दुसरी गोष्ट अशी, की मात्रा कमी म्हणजे धोका कमी, हे खरे नाही. मेटसल्फ्युरॉनसारखी सल्फोनिलयुरिया गटातील तणनाशके संवेदनशील पिकांच्या मुळांना १ पीपीबीपेक्षाही कमी प्रमाणात इजा करू शकतात. अशा संयुगासाठी ५० पीपीबीपर्यंतच पाहू शकणारे यंत्र वापरून ‘अवशेष आढळले नाहीत’ असा अहवाल दिला, तर त्या अहवालाला काही किंमत नाही.

जमिनीचा प्रकारही इथेच लक्षात घ्यावा लागतो. महाराष्ट्रातील काळ्या जमिनींचा पीएच बहुधा ७.५ ते ८.५ असतो. सल्फोनिलयुरियांचे विघटन मोठ्या प्रमाणात आम्लातील जलविघटनाने होते. अल्कधर्मी जमिनीत ही क्रिया मंदावते आणि अवशेष जास्त काळ टिकतात. अॅट्राझिनचेही तसेच आहे. इमॅझेथापायरचा कल मात्र उलटा आहे. आम्लधर्मी मातीत ते कणांना अधिक घट्ट धरून राहते आणि सूक्ष्मजीवांना सहजी मिळत नाही, म्हणून ते कोकणच्या जांभ्या जमिनीत काळ्या जमिनीपेक्षा जास्त काळ टिकण्याची शक्यता असते. म्हणूनच एका भागातील टिकाऊपणाचे आकडे दुसऱ्या भागाला जसेच्या तसे लावू नयेत.

नमुना

अवशेष परीक्षणातील सर्वांत मोठी चूक बहुतेक वेळा यंत्रात होत नाही, ती शेतात होते. खतांच्या शिफारशीसाठी माती परीक्षणाचा नमुना घेण्याची रीत शेतकऱ्यांना ठाऊक असते, पण ती इथे तशीच चालत नाही. त्या रीतीत वरचा थर खरवडून बाजूला करतात. तणनाशक, विशेषतः उगवणीपूर्व वापरलेले, नेमके वरच्या दोन-चार सेंटिमीटरमध्येच साचलेले असते. तो थर काढून टाकला तर मोजायची वस्तूच फेकली जाते. काडीकचरा, पाने, धसकटे तेवढी हाताने वेचावीत आणि माती तशीच ठेवावी. फावड्याने इंग्रजी ‘व्ही’च्या आकाराचा खड्डा केला तर वरची माती खाली ओघळते आणि थर मिसळतात. म्हणून नळीसारखे गिरमिट वापरणे चांगले. ० ते १५ आणि १५ ते ३० सेंटिमीटर असे दोन नमुने वेगळे घेतले, तर तणनाशक खाली झिरपले का, तेही कळते.

फवारणी कधीच सारखी होत नाही. पंपाच्या फेऱ्या जिथे एकमेकींवर येतात तिथे दुप्पट मात्रा पडते, वळणावर ती आणखी वाढते. म्हणून एका प्लॉटमध्ये नागमोडी चालत १५ ते २० ठिकाणांहून माती घ्यावी. पंप भरण्याची जागा, बांधालगतच्या चार-पाच ओळी, खताच्या ढिगाची आणि झाडाखालची जागा टाळावी. पिकाच्या इजेचे कारण शोधायचे असेल, तर इजा झालेल्या आणि चांगल्या पट्ट्यांचे नमुने वेगळे घ्यावेत. दोन्ही एकत्र केले तर फरक पुसला जातो. याशिवाय त्याच शेताच्या न फवारलेल्या कोपऱ्यातून किंवा बांधावरून, त्याच पोताची माती तुलनेसाठी घ्यावी. ही तुलनेची माती सर्वांत आधी घ्यावी. फवारलेल्या भागात वापरलेले गिरमिट आणि घमेले घेऊन नंतर न फवारलेल्या भागात गेले, तर अवशेष अवजारांसोबत तिकडे जातात.

सगळी माती स्वच्छ घमेल्यात मिसळावी, ढेकळे फोडावीत, चार भाग करून समोरासमोरचे दोन भाग ठेवावेत आणि सुमारे अर्धा किलो उरेपर्यंत असे करत राहावे. नमुना उन्हात वाळवू नये. उन्हाने आणि उष्णतेने काही तणनाशके विघटन पावतात, काही उडून जातात. पेंडिमेथॅलिन तर बाष्पनशील म्हणून ओळखलेच जाते. ओली माती पिशवीत घालून चार दिवस घरात ठेवली, तर सूक्ष्मजीव आपले काम चालूच ठेवतात आणि प्रयोगशाळेपर्यंत कमी झालेला आकडा पोहोचतो. नमुना काचेच्या बरणीत किंवा अॅल्युमिनियम फॉइलमध्ये गुंडाळून, बर्फाच्या पेटीत, त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी पोहोचवावा. प्रयोगशाळेत तो उणे २० अंश सेल्सिअसला गोठवून ठेवतात. साध्या प्लॅस्टिकमधील थॅलेट संयुगे गॅस क्रोमॅटोग्राफीत नको ती शिखरे उमटवतात, हे काच निवडण्याचे आणखी एक कारण.

जैवपरीक्षण

यंत्रांकडे वळण्यापूर्वी रोपांकडे वळावे. संवेदनशील पिकाचे बी संशयित मातीत लावून त्याची वाढ पाहणे, ही अवशेष शोधण्याची जुनी आणि आजही उपयोगी पद्धत आहे. कमी मात्रेच्या सल्फोनिलयुरियांसाठी तर ती अनेक यंत्रांपेक्षा संवेदनशील ठरते. शिवाय रोप फक्त मातीतून उपलब्ध होणाऱ्या अंशाला प्रतिसाद देते. मातीच्या कणांना घट्ट चिकटलेले तणनाशक द्रावकाने उपसून काढता येते, पण पिकाला ते मिळतेच असे नाही. पुढचे पीक पेरावे का, या प्रश्नाला रोपाचे उत्तर अधिक थेट असते.

बी निवडताना तणनाशकाचा गट पाहावा. अॅट्राझिन आणि मेट्रिब्युझिनसाठी काकडी किंवा मोहरी वापरतात. दोन-तीन पाने येईपर्यंत रोप ठीक दिसते, कारण ही तणनाशके प्रकाशसंश्लेषणावर आघात करतात आणि बियाण्यातील साठा संपेपर्यंत त्याची झळ लागत नाही. त्यानंतर जुन्या पानांच्या कडा पिवळ्या पडून करपत जातात. पेंडिमेथॅलिनसाठी ज्वारी घ्यावी. मुळाचे टोक जाडजूड, गाठीसारखे होते आणि बाजूची बारीक मुळे फुटत नाहीत. सल्फोनिलयुरिया आणि इमॅझेथापायर यांसाठी मोहरी किंवा मसूर चालते. शेंडा खुंटतो, मुळे आखूड राहतात. २,४-डीच्या बाबतीत कापसाइतका बोलका साक्षीदार नाही. अगदी सूक्ष्म अंशानेही कापसाची पाने भेंडीच्या पानासारखी अरुंद आणि बोटे फुटलेली दिसतात. ग्लायफोसेट आणि पॅराक्वॅट मातीला इतके घट्ट बांधले जातात की त्यांच्यासाठी मातीतील जैवपरीक्षणाचा उपयोग नाही.

शेतकऱ्याला ही चाचणी घरीही करता येते. संशयित मातीचे दोन भाग करावेत आणि एका भागात थोडा बारीक सक्रिय कोळसा नीट मिसळावा. तिसऱ्या संचात बांधावरची न फवारलेली माती घ्यावी. प्रत्येक संचाच्या किमान तीन कुंड्या कराव्यात, प्रत्येकीत एकाच वाणाचे आठ-दहा दाणे लावावेत आणि दोन ते तीन आठवडे सारखे पाणी व सारखा उजेड द्यावा. सक्रिय कोळसा बहुतेक सेंद्रिय तणनाशके शोषून घेतो. कोळसा मिसळलेल्या मातीत रोपे चांगली आली आणि न मिसळलेल्या मातीत खुंटली, तर दोष तणनाशकाचा आहे, असे बऱ्याच खात्रीने म्हणता येते. दोन्हीकडे सारखीच खुंटली, तर क्षार, निचरा, रोग यांचा विचार करावा. कुंडीला खालून भोक पाडून पाणी वाहू देऊ नये; पाण्याबरोबर तणनाशकही धुऊन जाते.

प्रयोगशाळेत याच चाचणीला आकड्याचे रूप देतात. न फवारलेल्या मातीत तणनाशकाची ज्ञात प्रमाणे मिसळून रोपे वाढवतात, त्यांच्या मुळांची लांबी किंवा ओले वजन मोजून आलेख काढतात आणि संशयित मातीतील रोपांची वाढ त्या आलेखावर वाचतात. माती तीच, वाण तेच आणि वाढीची परिस्थिती तीच असेल तरच हा आलेख विश्वासार्ह असतो. जैवपरीक्षणाची मर्यादाही स्पष्ट आहे. इजा किती होते ते कळते, पण कोणत्या संयुगाने केली हे सिद्ध होत नाही. दोन तणनाशके मिश्रणाने वापरली असतील तर दोघांचा परिणाम एकत्रच दिसतो.

मातीतून द्रावकात

रासायनिक परीक्षणाचा कस निष्कर्षणात लागतो. मातीतून जे बाहेर आलेच नाही, ते कितीही महाग यंत्राला दिसत नाही.

पूर्वी सॉक्सलेट उपकरणात तासन्‌तास द्रावक उकळवून निष्कर्षण करत. १८७९ साली फ्रान्झ फॉन सॉक्सलेट यांनी हे उपकरण दुधातील स्निग्धांश काढण्यासाठी सुचवले होते. पेंडिमेथॅलिन किंवा ब्युटाक्लोर यांसारख्या टिकाऊ रेणूंना ते चालते, पण द्रावक खूप लागते आणि उष्णतेने नासणाऱ्या सल्फोनिलयुरियांसाठी ते अयोग्य आहे. अॅसिटोन किंवा मिथेनॉलच्या पाण्यातील मिश्रणात माती तासभर यंत्रावर हलवणे, किंवा ध्वनितरंगांच्या टाकीत ठेवणे, या सोप्या पद्धती लहान प्रयोगशाळांत अजून चालतात.

आज सर्वाधिक वापरली जाणारी पद्धत म्हणजे क्वेचर्स. मायकेलअँजेलो अनास्तासियाडेस, स्टीव्हन लेहोटे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ साली ती फळे-भाज्यांसाठी प्रसिद्ध केली आणि पुढे ती मातीसाठी बदलून घेण्यात आली. ५० मिलिलिटरच्या नळीत २ मिलिमीटर चाळणीतून काढलेली १० ग्रॅम माती घेतात. फळांत मुळातच पाणी असते, मातीत ते पुरेसे नसते. म्हणून तिच्यात सुमारे १० मिलिलिटर पाणी घालून अर्धा तास भिजू देतात. काळ्या मातीत ही पायरी गाळता येत नाही. तिच्यातील स्मेक्टाइट चिकणमातीचे थर पाण्याने फुगून उघडतात, आणि मगच आत अडकलेला अंश द्रावकाला मिळतो. नंतर १० मिलिलिटर अॅसिटोनायट्राइल घालून जोराने हलवतात आणि ४ ग्रॅम निर्जल मॅग्नेशियम सल्फेट व १ ग्रॅम मीठ टाकतात. मॅग्नेशियम सल्फेट पाणी शोषताना उष्णता सोडते आणि हातातली नळी चटकन गरम लागते. म्हणून मीठ टाकताक्षणीच नळी हलवावी, नाहीतर तळाशी दगडासारखी गाठ धरते. उष्णतेला नाजूक संयुगे असतील तर नळी आधी बर्फात थंड करून घ्यावी. अपकेंद्री यंत्रात फिरवल्यावर तळाशी माती, मध्ये पाणी आणि वर अॅसिटोनायट्राइलचा थर असे तीन थर वेगळे होतात. तणनाशक वरच्या थरात असते.

त्यातला थोडा भाग घेऊन शुद्धीकरण करतात. ह्युमिक द्रव्ये, रंगद्रव्ये आणि इतर सहप्रवासी काढण्यासाठी पीएसए, सी-१८ आणि ग्राफाइटयुक्त कार्बनची भुकटी वापरतात. इथे एक सापळा आहे, त्याकडे अनेकदा दुर्लक्ष होते. पीएसए हे आम्लांना पकडण्यासाठीच बनवलेले असते, आणि २,४-डी व इमॅझेथापायर ही स्वतः आम्ले आहेत. ठरावीक संच जसाच्या तसा वापरला, तर शुद्धीकरणात तणनाशकच निघून जाते आणि नमुना स्वच्छ असल्याचा अहवाल तयार होतो. अशा संयुगांसाठी द्रावण आम्लधर्मी करून निष्कर्षण करावे आणि पीएसए टाळावे.

वेगळे करणे आणि ओळखणे

गॅस क्रोमॅटोग्राफी बाष्परूप होणाऱ्या आणि उष्णता सोसणाऱ्या रेणूंसाठी आहे. क्लोरिन, फ्लोरिन किंवा नायट्रो गट असलेली तणनाशके इलेक्ट्रॉन कॅप्चर डिटेक्टरला फार सूक्ष्म प्रमाणात दिसतात. पेंडिमेथॅलिन, ब्युटाक्लोर, प्रेटिलाक्लोर आणि ऑक्सिफ्लोरफेन त्यांत येतात. जेम्स लव्हलॉक यांनी १९५७ साली तयार केलेल्या या शोधकाने एकूणच कीडनाशक अवशेषांच्या अभ्यासाचा चेहरा बदलला. अॅट्राझिन आणि मेट्रिब्युझिन या नायट्रोजनबहुल रेणूंसाठी नायट्रोजन-फॉस्फरस डिटेक्टर बरा. हे दोन्ही शोधक मूळ संयुगाची ओळख फक्त ते स्तंभातून किती वेळाने बाहेर पडले यावरून करतात, आणि त्याच वेळी दुसरे एखादे संयुग बाहेर पडले तर फसतात. मास स्पेक्ट्रोमीटर जोडला की ही शंका बरीच मिटते. अॅट्राझिनचे २०० आणि २१५ वस्तुमानाचे आयन मिळतात आणि २१७ वर २१५ च्या सुमारे एक तृतीयांश उंचीची रेषा दिसते. रेणूत क्लोरिनचा एक अणू असल्याची ती खूण.

द्रव क्रोमॅटोग्राफीत रेणूला बाष्प व्हावे लागत नाही, त्यामुळे सल्फोनिलयुरिया, इमॅझेथापायर, डाययुरॉन अशांसाठी तीच योग्य. साध्या द्रव क्रोमॅटोग्राफीला (एचपीएलसी) अतिनील शोधक जोडतात. अॅट्राझिन २२२ नॅनोमीटरच्या आसपास मोजतात, पण त्या पट्ट्यात मातीतील इतर द्रव्येही प्रकाश शोषतात, म्हणून प्रमाण फार कमी असेल तर आकडा डळमळतो. एलसी-एमएस/एमएस या जोडयंत्रात रेणूला विद्युतभार देऊन निवडतात, फोडतात आणि त्याचे तुकडे मोजतात. अॅट्राझिनचा २१६ वस्तुमानाचा आयन फुटून १७४ चा तुकडा देतो. गेलेले ४२ म्हणजे रेणूच्या एका बाजूच्या साखळीतील प्रोपीन. दुसरा तुकडा, उदाहरणार्थ १०४ चा, पडताळणीसाठी पाहतात. दोन्ही तुकडे ठरल्या वेळी आणि ठरल्या गुणोत्तरात मिळाले तरच ओळख पक्की मानतात. पीपीबीच्या खालचे अंश मोजायला आज हेच यंत्र भरवशाचे आहे.

एलायझा संचही अॅट्राझिनसारख्या काही तणनाशकांसाठी मिळतात. त्यांत तणनाशक जितके जास्त, तितका रंग फिका येतो. पुष्कळ नमुने एकाच दिवशी चाळायचे असतील तर ते स्वस्त पडतात. पण प्रतिपिंड सिमाझिन, प्रोपाझिन यांसारख्या जवळच्या रेणूंनाही ओळखतो, म्हणून सकारात्मक निकाल क्रोमॅटोग्राफीने पडताळूनच सांगावा.

स्वतंत्र पद्धत मागणारी तणनाशके

ग्लायफोसेट हे सर्वाधिक चर्चेतले तणनाशक, आणि बहुअवशेष चाचणीत नेमके तेच सुटते. ते पाण्यात इतके मिसळते की अॅसिटोनायट्राइलच्या थरात येतच नाही. बाष्प होत नाही, अतिनील प्रकाश जेमतेम शोषते, आणि मातीतील लोह व अॅल्युमिनियमच्या ऑक्साइडांना फॉस्फेटसारखे धरून बसते. म्हणून माती पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या सौम्य द्रावणात हलवून ते सोडवून घेतात, पीएच ९ च्या बोरेट बफरमध्ये एफएमओसी-क्लोराइडशी जोडतात आणि मग प्रतिदीप्ती शोधकाने किंवा एलसी-एमएस/एमएसने मोजतात. त्याच्या विघटनातून तयार होणारे एएमपीए हे संयुग बऱ्याचदा मूळ ग्लायफोसेटपेक्षा जास्त काळ टिकते, म्हणून दोन्ही एकाच वेळी मोजावीत. ‘दोनशे कीडनाशकांची चाचणी केली, काही आढळले नाही’ असा अहवाल हाती आला, तर त्या यादीत ग्लायफोसेट होते का, हे पाहिल्याशिवाय त्यावर विश्वास ठेवू नये.

पॅराक्वॅट धनभारित असते आणि स्मेक्टाइटच्या थरांमध्ये शिरून बसते. सौम्य द्रावकांनी ते हलतही नाही. तीव्र सल्फ्युरिक आम्लात माती काही तास उकळावी लागते. नंतर आयन-विनिमय स्तंभातून काढलेल्या अर्कात क्षारीय सोडियम डायथायोनाइट घातले की रंगहीन द्रावण क्षणात गर्द निळे होते. हा निळा रंग ३९५ नॅनोमीटरच्या आसपास मोजतात. तो हवेतील ऑक्सिजनने लवकर उडतो, म्हणून मोजणी काही मिनिटांतच उरकावी लागते. या पद्धतीने मिळणारा आकडा मोठा दिसला तरी त्यातला बहुतेक भाग चिकणमातीत बंदिस्त असतो आणि पिकाच्या मुळांना मिळत नाही.

२,४-डी बाजारात सोडियम क्षार, अमाइन क्षार आणि इथाइल एस्टर अशा रूपांत मिळते. मोजताना एस्टरचे अल्कलीने विघटन करून सगळे आम्लात आणतात, पीएच २ च्या खाली नेऊन सेंद्रिय द्रावकात काढतात आणि एलसी-एमएस/एमएसने थेट मोजतात. गॅस क्रोमॅटोग्राफी वापरायची तर आधी त्याचा मिथाइल एस्टर करावा लागतो.

आकड्याची खातरी आणि हिशोब

प्रत्येक खेपेत काही नमुने फक्त तपासणीसाठी असावे लागतात. न फवारलेल्या मातीचा कोरा नमुना हवा. त्यात शिखर दिसले तर काच, द्रावक किंवा यंत्र दूषित आहे. त्याच मातीत ज्ञात प्रमाणात तणनाशक मिसळून ते किती परत मिळते, हेही पाहतात. युरोपीय संघाच्या कीडनाशक अवशेष विश्लेषणाच्या मार्गदर्शिकेप्रमाणे सरासरी पुनःप्राप्ती ७० ते १२० टक्के आणि पुनरावृत्तीतील विचलन २० टक्क्यांच्या आत असावे; भारतातील प्रयोगशाळाही बहुधा हेच निकष वापरतात. मात्र आज मिसळलेले तणनाशक आज काढणे सोपे असते. तीन महिने मातीत मुरलेला अंश तितक्या सहज निघत नाही, त्यामुळे चांगली पुनःप्राप्ती ही जुन्या अवशेषांची पूर्ण हमी नव्हे. मातीतील सहद्रव्ये मास स्पेक्ट्रोमीटरमधील संकेत दाबतात किंवा फुगवतात, म्हणून प्रमाण द्रावणे शुद्ध द्रावकात करण्यापेक्षा कोऱ्या मातीच्या अर्कात करावीत. सल्फोनिलयुरियांची साठा द्रावणे मिथेनॉलमध्ये ठेवली तर हळूहळू विघटन पावतात. त्यांना अॅसिटोनायट्राइल वापरावे.

हिशोबात ओलाव्याची चूक नेहमी होते. समजा, १० ग्रॅम ओली माती घेतली आणि १०५ अंश सेल्सिअसला वाळवलेल्या वेगळ्या भागावरून तिच्यात २० टक्के पाणी असल्याचे कळले. म्हणजे कोरडी माती ८ ग्रॅम. १० मिलिलिटर अर्कात दर मिलिलिटरला ०.०५२ मायक्रोग्रॅम अॅट्राझिन सापडले, तर एकूण ०.५२ मायक्रोग्रॅम झाले. त्याला ८ ने भागले की दर ग्रॅमला ०.०६५ मायक्रोग्रॅम, म्हणजे ०.०६५ पीपीएम. ओलावा विसरला असता तर उत्तर ०.०५२ आले असते. साडेबावीस लाख किलो मातीच्या हिशोबाने हे हेक्टरी सुमारे १४६ ग्रॅम अॅट्राझिन शिल्लक असल्याचे दाखवते.

टिकाऊपणा अभ्यासायचा असेल तर फवारणीनंतर दोन तासांनी, मग ३, ७, १५, ३०, ६० आणि ९० दिवसांनी आणि शेवटी काढणीच्या वेळी नमुने घेतात. प्रमाणाचा लॉगरिदम दिवसांपुढे मांडला आणि सरळ रेषा आली, तर तिच्या उतारावरून अर्धायुष्य काढता येते. ०.४० पीपीएमचे ६० दिवसांत ०.१० पीपीएम झाले, तर अर्धायुष्य ३० दिवस. प्रत्यक्षात घट सुरुवातीला जलद आणि नंतर संथ असते, विशेषतः कोरडवाहू शेतात वाफसा संपल्यावर सूक्ष्मजीवांचे काम थंडावते तेव्हा. अशा ठिकाणी एकाच अर्धायुष्यावरून पुढच्या हंगामाचा अंदाज बांधला तर अवशेष कमी लेखले जातात.

अहवाल वाचताना

अन्नपदार्थांतील अवशेषांच्या कमाल मर्यादा एफएसएसएआय ठरवते. त्या धान्य, फळे, भाज्या यांच्यासाठी आहेत. मातीला त्या लावता येत नाहीत. मातीतील आकड्याचा अर्थ पुढच्या पिकाच्या संवेदनशीलतेवरून लावावा लागतो. ०.०६५ पीपीएम अॅट्राझिन मक्याला किंवा ज्वारीला काहीच करणार नाही, पण काकडी, मोहरी किंवा भाजीपाल्याची नाजूक रोपे लावायची असतील तर आधी त्या मातीत जैवपरीक्षण करावे. रासायनिक आकडा आणि रोपांची चाचणी या दोन्हींचा मेळ बसला, तरच निर्णय पक्का समजावा. तण व्यवस्थापन आणि तणनाशक अवशेष यांवर जबलपूरचे तण संशोधन संचालनालय काम करते; पिकांच्या संवेदनशीलतेची माहिती तिथून आणि कृषी विद्यापीठांच्या कृषिविद्या विभागांकडून मिळू शकते.

प्रयोगशाळा निवडताना प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या एनएबीएलचे प्रमाणपत्र पाहावे, आणि त्यासोबतची व्याप्तीची यादीही मागावी. महाराष्ट्रातील अनेक अवशेष प्रयोगशाळांचे मुख्य काम निर्यातीच्या द्राक्षांचे आणि इतर फळांचे आहे. फळांसाठी मिळालेली मान्यता मातीला आपोआप लागू होत नाही. यादीत माती, ते विशिष्ट तणनाशक आणि पद्धत यांचा उल्लेख असायला हवा. नमुन्यासोबत वापरलेल्या प्रत्येक तणनाशकाचे तांत्रिक नाव, मात्रा, फवारणीची तारीख, त्यानंतरचे पाऊस-पाणी, नमुन्याची खोली आणि पुढे घ्यायचे पीक लिहून द्यावे, कारण प्रयोगशाळा यावरूनच पद्धत ठरवते. आणि अहवालात ‘आढळले नाही’ असे लिहिलेले असेल, तर त्या तणनाशकाची किमान मोजता येणारी मर्यादा किती पीपीबी आहे, हे प्रयोगशाळेला विचारून अहवालावरच लिहून घ्यावे.